कणकेत उमटलेली मूठ

बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मी वाळूजच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. हळूहळू तिचं चालणं सावरलं, बोलणं सावरलं. उजवा हात तेवढा मागं राहिला. शेवटची दोन बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची, पुढं मिटायचीच नाहीत. विळीवर बसणं तर संपलंच होतं आणि सुरी हातातून निसटायची. मग भाजी मी चिरू लागलो. ती स्टुलावर बसून बघायची. माझ्या जाड्याभरड्या फोडींना ती नावंसुद्धा ठेवायची नाही, आणि तेच मला सोसत नव्हतं.

घरात पिशोरच्या बाजारातून आणलेली एक जुनी सुरी होती. पोलाद चांगलं, पात्याची पट्टी थेट मुठीच्या टोकापर्यंत गेलेली. तिच्या दोन्ही अंगांना ठोकलेल्या लाकडी चिपा मात्र बारीक आणि तडकलेल्या. मनात आलं, हिला भरदार मूठ बसवली तर? माझा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं घडवण्यात गेलेला. हे काम काय अवघड!

बजाजनगरात आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी ढिगातून शिसमाचा तुकडा काढून दिला. "भाभी के वास्ते है ना? फिर ये ले जाओ, बरसों चलेगा."

जुनी रिबिटं उडवली, शिसमाच्या दोन चिपा कापल्या, भोकं जुळवून पितळी रिबिटं ठोकली. कानस, पॉलिश पेपर, वरून जवसाचं तेल. मूठ आरशासारखी चमकायला लागली.

"लई देखणी झाली," ती म्हणाली आणि सुरी जपून ठेवून दिली.

एका दुपारी मी बाजारातून आलो, तर ती ओट्याशी उभी. त्याच सुरीनं काकडी कापायला बघत होती. मूठ तळहातात फिरली, काकडी घरंगळत माझ्या पायाशी आली. तिनं ओशाळून सुरी खाली ठेवली.

"रागावू नका. ही तुमच्या हातात बसती, माझ्या नाय."

खरंच होतं. घासताना दर वेळी मी ती माझ्याच मुठीत धरून बघितली होती. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "परातीतली कणीक द्या बरं इकडं."

मी पात्याला फडकं गुंडाळलं, चिपा काढून उघड्या पट्टीभोवती घट्ट कणीक थापली. तिनं ती मुठीत धरली. बोटांना जोर पुरेना, म्हणून मी वरून माझा हात ठेवला. इतके दिवस तिचा हात मी व्यायामापुरताच धरत होतो.

"आता सोडा की," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"ठसा नीट उमटू दे."

"व्हय, ठसाच!" ती हसली. किती दिवसांनी हसली.

वाळलेल्या कणकेवर तिचा हात जसाच्या तसा उमटला होता. तळहाताच्या पोकळीत उंचवटा, अंगठ्याला खोबण आणि अर्धवट मिटणाऱ्या त्या दोन बोटांच्या जागी जाड फुगवटा. उरलेल्या शिसमातून मी हुबेहूब तसंच कोरलं. शेवटाला आकड्यासारखं वळण ठेवलं, म्हणजे बोटं अडकून राहतील. पॉलिश केलं नाही. दिसायला मूठ ओबडधोबड, एखाद्या सुरणाच्या कांद्यासारखी.

तिनं धरली, हलवून बघितली. मग दोडका मागून घेतला. पहिली फोड जाड पडली, दुसरी तिरकी. मी पुढं झालो, तशी तिनं कोपरानंच मला मागं सारलं. अख्खा दोडका तिनं एकटीनं चिरला. कपाळावर घाम आला होता, पण सुरी हातातून सुटली नव्हती. मी त्या फोडींकडं बघत उभा होतो.

"असे उभे काय राहिलात? कढई ठेवा," ती म्हणाली. मी कढई ठेवली. फोडणीत मोहरी तडतडली, तशी ती माझ्या हातातल्या उलथन्याकडं बघत म्हणाली, "याची मूठ पण लई बारीक हाय हो."