ताईच्या नावाची दुरुस्ती

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. मुदखेडच्या शाळेत, पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी, जूनमधल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता. हेडमास्तरांनी तिचं नाव विचारलं आणि रजिस्टरात भलतंच लिहिलं. पाली-बिली पोरांच्या तोंडात बसत नाही, सोपं टाकलंय, म्हणाले. रोज प्रार्थनेला लांबलचक संस्कृत श्लोक न अडखळता म्हणणारा माणूस! बाबा रेल्वेच्या रुळांवर मजूर. अर्ध्या दिवसाची सुटी काढून आले होते. नोंदीखाली सही करून कामावर परतले.

ताईचं खरं नाव काही वाटेवर सापडलं नव्हतं. आजोबांचं तसं सापडलेलं होतं. गावच्या पाटलानं केरकचऱ्यावरून ठेवलेलं, आमच्या वस्तीला तशीच नावं मिळायची. म्हणून ताई पोटात असतानाच बाबांनी विहारात जाऊन भन्तेजींकडून पाली शब्द अर्थासकट वहीत उतरवून घेतले. त्यातून निवडलं ते, ‘न भिणारी’ या अर्थाचं. नामकरणाला वंदना झाल्यावर त्यांनी अख्ख्या वस्तीकडून ते मोठ्यानं म्हणवून घेतलं. जोडाक्षरावर म्हाताऱ्या अडखळल्या, एकमेकींना हसल्या, पुन्हा म्हणाल्या. दात पडलेल्या आजीलाही संध्याकाळपर्यंत जमलं. हेडमास्तरांचे दात शाबूत होते.

गेल्या महिन्यात ताईची नर्स म्हणून निवड झाली. कागद तपासायला लातूरला गेलो. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या सगळ्या कागदांवर दुसरं. कारकून भला होता. दोन्ही नावं माझीच असं स्टँप पेपरवर लिहून द्या, अर्ध्या तासाचं काम हाय, म्हणाला. मीही ताईला म्हणालो, देऊन टाक की. आयुष्यभर चळवळीची पत्रकं वाटणारा मी, नोकरी दिसली आणि नरमलो.

ताई कारकुनाला म्हणाली, "ते नाव माझं न्हाई, साहेब. मास्तरांनी ठेवलंय, नोकरी बी त्यांनाच द्या."

कारकून हसला, आणि फाईल बाजूला ठेवली. शाळेतून दुरुस्ती करून आणायला एक महिना दिला. शाळेत आता हेडमास्तर नवे आहेत. ते म्हणतात, जुनी नोंद आहे, वरून आदेश आणा. वरचे म्हणतात, शाळेनं प्रस्ताव पाठवावा. महिन्यातले अकरा दिवस उरलेत. ताई अजूनही स्टँप पेपरवर सही करायला तयार नाही, आणि आता मीही तिला कर म्हणणार नाही.

गुरुवारी आम्ही शाळेत जाणार आहोत. तुम्ही या. प्रस्तावावर सही होईपर्यंत हेडमास्तरांच्या टेबलासमोरून हलू नका.