मामे क्वान्सिमाची साखर

केप कोस्टच्या आमच्या गल्लीत मामे क्वान्सिमाच्या केंकीशिवाय कुणाचं दुपारचं जेवण होत नसे. मक्याचं आंबवलेलं पीठ केळीच्या पानात बांधून उकडायचं आणि ते शिजेपर्यंत शेजाऱ्यांच्या वागण्यावर मत द्यायचं, हे तिचे दोन व्यवसाय. साखरेचा विकार जडल्यावर तिसरा आला, दवाखान्यातल्या आदर्श रुग्णाचा. तपासणीआधीचे दोन दिवस ती भेंडीच्या पाण्यावर काढी. उपाशीपोटी बोट टोचलं की आकडा शहाण्यासारखा येई. दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या की पुन्हा केंकी.

मग तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी तपासणी आली. हिला फसवता येत नाही, असं सिस्टर मान्सानं सर्वांना बजावलं. त्या तीन महिन्यांत मामे चार अंत्यविधींना जाऊन आली होती, आणि दर ठिकाणी आग्रहाखातर माल्टच्या गोड सरबताच्या बाटल्या रिचवल्या होत्या. निकालाच्या दिवशी ती तेच काळं कापड नेसून गेली. प्रसंगाला शोभेल म्हणून.

निकाल उत्तम आला. जमलेल्या रुग्णांच्या टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी गोळ्या निम्म्या करायचं ठरवलं आणि पथ्याविषयी चार शब्द बोलायची तिला विनंती केली. मामे उठली. पण महिनाभर तिच्या पावलांना मुंग्या येत होत्या, आणि तिच्या आईचा पाय याच विकारात गुडघ्यापासून गेला होता. भाषण राहिलं. तिनं सिस्टरला दाराआड नेलं.

“सिस्टर, तुझी ही तपासणी माझ्याहून खोटारडी आहे.”

“मामे, चांगला निकाल कुणी परत करतं का?”

“मी काय काय गिळलंय ते मला ठाऊक. तिला नाही.”

मग तिनं सगळं सांगितलं, दोन दिवसांच्या उपासासकट. सिस्टर हसली, आणि हसता हसता थांबून घरात कुणाला सिकलसेलचा, रक्ताचा आजार आहे का, असं विचारू लागली. आजार नव्हता. पण लग्नाआधी पाद्रीनं दोघांना रक्त तपासायला धाडलं होतं, तेव्हा मामेच्या रक्तात त्या आजाराचा अर्धा दोष, एकाच पालकाकडून आलेला, निघाला होता. नवरा निर्दोष ठरला, रक्तापुरता. अशा रक्तात ही तपासणी कधीकधी खरं ते सांगत नाही, कमी दाखवते, असं म्हणत सिस्टरनं तिथल्या तिथे बोट टोचलं. तिथल्या मापात दहाच्या आत हवा तिथे आकडा सतरा.

गोळ्या वाढल्या. आता सिस्टर वाटेल त्या दिवशी केंकी घ्यायला येते आणि पिशवीतून सुई काढते. मामे बोट पुढे करते, आणि केंकी देताना टोपलीतला सर्वांत लहान गोळा निवडते.