बिनभोकांचे बटण

शिंपीमास्तरांचा कोट अंगावर बसला की माणूस दोन बोटे उंच दिसे. तो कोट ठरलेल्या दिवशी मात्र कधीच मिळत नसे. ‘मंगळवारी’ म्हणजे कोणत्या मंगळवारी, हे विचारायला जुनी गिऱ्हाइके कधीच विसरत नसत.

नऊ वर्षांपूर्वी मास्तरांना अल्सरेटिव्ह कोलायटिस झाल्याचे निदान झाले. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण. तेव्हा कात्री कापडात तशीच सोडून त्यांना धावावे लागे. म्हणून मशीनही मागच्या दाराशी, संडासाजवळ हलवले होते. पुढे गोळ्यांनी पोट ताळ्यावर आले आणि धावपळ थांबली. मशीन मात्र तिथेच राहिले.

दुकानात बटणे आणि काजे हे पत्नीचे खाते. एका दुपारी ग्रंथपालबाई तपकिरी कोट घेऊन आल्या. तिसरे बटण हरवले होते. पत्नीने उरल्यासुरल्या बटणांचा, एरवी क्वचितच उघडला जाणारा डबा पुढे ठेवला. बाईंनीच शोधाशोध करून एक नग वर काढला.

“रंग अगदी जुळतोय,” त्या म्हणाल्या, “पण याला भोकं नाहीत हो.”

पत्नीने तो नग हातात घेतला आणि डबा टेबलावर उपडा केला. बटणांपेक्षा तपकिरी गोळ्याच जास्त निघाल्या. चार महिने मास्तर रोज पाकिटातून गोळ्या सोडवून, पाण्याचा घोट घेऊन, त्या डब्यात टाकत होते. पाकिटे रिकामी होत होती, त्यामुळे घरात शंका यायला जागाच नव्हती.

बाई शहाण्या, त्यांना एकाएकी वाचनालय उघडायची आठवण झाली. त्या गेल्यावर मास्तरांनी पोट ठणठणीत असल्याची साक्ष दिली. पत्नीने ती ऐकून घेतली आणि दुर्बिणीच्या तपासणीचे काय झाले, ते विचारले. ती त्यांनी तीनदा पुढे ढकलली होती. आजार इतका जुना झाला की आतड्याच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून आतून पाहत राहावे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मास्तरांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला होता.

“आणि काही निघालं तर?” अखेर ते हळूच म्हणाले.

“निघालंच तर वेळेत निघेल. तुम्ही तारीख पुढे ढकलली म्हणून ते थांबणार आहे का? ते काय तुमचं गिऱ्हाईक आहे?”

तिने ऑर्डरची वही ओढली आणि लिहिले: ‘मास्तर. गुरुवार. तारीख बदलणार नाही.’

बुधवारी पोट साफ करण्याचे औषध पिऊन मास्तरांनी दिवसभर मागच्या दाराशी येरझाऱ्या घातल्या. गुरुवारी दुर्बिणीत गाठ दिसली नाही. आतड्याचा शेवटचा भाग मात्र लाल झालेला होता. डॉक्टरीणबाईंनी तिथले बारीक तुकडे तपासायला पाठवले आणि समजावले, की वर्षानुवर्षे धुमसणारी ही सूजच धोका वाढवते. गोळ्या ती दाबून ठेवतात, म्हणून पोट बरे असतानाही घ्यायच्या. दुखत नाही याचा अर्थ सूज नाही, असा होत नाही. अहवालाला दहा दिवस लागणार होते.

त्या दहा दिवसांत मास्तरांनी कमालच केली. रखडलेले सगळे कपडे शिवून झाले. कुणाची पँट वेळेवर तयार, तर कुणाचा सूट दोन दिवस आधीच. गल्लीत काळजी पसरली. औषधविक्रेत्याने तर शर्ट हातात पडताच पत्नीला बाजूला घेऊन विचारले, की सगळे ठीक आहे ना.

अकराव्या दिवशी अहवाल आला. पेशींत कॅन्सरकडे नेणारा बदल नव्हता. सूज होती, तिच्यासाठी गोळ्या होत्या, आणि वर्षाने पुन्हा दुर्बीण. मास्तरांनी पुढच्या वर्षीची तारीख स्वतःच्या हाताने वहीत लिहिली, पत्नीसमोर गोळ्या गिळल्या आणि जीभ बाहेर काढून दाखवली.

तेवढ्यात ग्रंथपालबाई नव्या कोटाचे कापड घेऊन आल्या. मास्तरांच्या तपासणीची आणि लगबगीची बातमी त्यांच्याही कानावर गेली होती. मापे झाल्यावर, कोट कधी मिळेल, असे त्यांनी जरा भीतभीतच विचारले.

“मंगळवारी.”

“या मंगळवारी?”

मास्तरांनी गळ्यातली टेप सावकाश गुंडाळली. “त्याच्या पुढच्या. फार तर त्याच्याही पुढच्या.”

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या पत्नीकडे पाहून हसल्या. “म्हणजे रिपोर्ट चांगला आला.”