विचारूनबाईंची बढती

त्यांचं खरं नाव पगाराच्या स्लिपपुरतं उरलं होतं. ऑफिसात सगळे त्यांना विचारूनबाई म्हणत. रजा असो, गाडी असो की खुर्चीचं मोडलेलं चाक, काहीही मागितलं की बाईंचं उत्तर ठरलेलं, "साहेबांना विचारून सांगते." साहेब कंपनीचे संचालक, बाई त्यांच्या स्वीय सहायक. साहेबांचा चष्मा कुठे आहे, त्यांचं कोणाशी बिनसलंय आणि त्यांचं मत काय आहे, हे साहेबांच्या आधी बाईंना कळायचं.

एकदा बाईंनी सहायकांच्या प्रशिक्षणाला जाण्याची परवानगी मागितली.

"अहो, तुम्हाला कशाला प्रशिक्षण?" साहेब म्हणाले. "तुम्ही गेलात तर माझं कसं व्हायचं?"

हे कौतुक इतकं जड होतं की बाईंना त्याखालून हलताच येईना.

पुढे 'सहायकांची प्रगती' या विषयावर एका परिसंवादात बोलायचं आमंत्रण आलं, अर्थात साहेबांना. भाषण लिहिलं अर्थात बाईंनी. साहेबांनी ते पहिल्यांदा वाचलं ते थेट व्यासपीठावर. "जो आपल्या सहायकाला वाढू देत नाही, त्याची स्वतःचीच वाढ खुंटलेली असते," या वाक्याला ते जरा अडखळले. पण टाळ्या पडल्या, म्हणून सावरले.

पहिल्या रांगेत कंपनीच्या चेअरमन मॅडम बसल्या होत्या. त्यांनी सरळच विचारलं, "मग तुमच्या सहायक कुठवर पोचल्या?"

बाई मागच्या रांगेत साहेबांचा कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साहेबांनी सवयीनं तिकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर काही बाईंनी लिहून दिलेलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यापासून त्या प्रशासन विभागाच्या प्रमुख," साहेब म्हणून गेले.

"वहिनी, आता तुम्हीच साहेब!" नणंदेनं फोनवर चिडवलं. बाईंनी घाईनं फोन ठेवला.

नव्या खोलीत पहिल्याच दिवशी कॅन्टीनवाला आला. "बाई, कॅन्टीनमधली टेबलं खिडकीकडे मांडू का?"

"विचारून सांगते," बाई म्हणाल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की विचारायला आता कोणीच नाही. त्याला बाहेर थांबवून त्यांनी दार लावलं, थोडा वेळ भिंतीकडे बघत विचार केला आणि दार उघडलं.

"हो म्हणाले."

"कोण?"

"वरचे."

गाडी रुळावर आली. वरचे फालतू खर्चाला नाही म्हणत. आई आजारी असलेल्या टायपिस्टला लवकर घरी सोडत. सावलीतल्या पार्किंगवरून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण त्यांनी चिठ्ठ्या टाकून मिटवलं. वरचे म्हणजे साहेबच, असं सगळ्यांनी धरलं. लोक साहेबांना जिन्यात गाठून आभार मानू लागले. कशाबद्दल, ते साहेबांना ठाऊक नसे. पण आभार परत करणं त्यांना असभ्यपणाचं वाटे.

मग एका बैठकीत चेअरमन मॅडमनीच या निर्णयांबद्दल साहेबांची पाठ थोपटली. साहेबांनी नम्रपणे मान लववली. बाईंची कानशिलं तापली.

"वरचं कोणी नाही, मॅडम. मीच आहे."

"मग तुम्ही विचारत कोणाला होता?"

"मलाच. दार लावून. माझं नाव सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं."

 मग साहेब खाकरले. "आमच्याच हाताखाली तयार झाल्यात."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीत उन्हातली जागा आलेला हिशेबनीस दारात हजर. "पार्किंगचा निर्णय तुमचा होता होय? मग फेरविचार करा!" त्याच्या मागे आणखी चौघे. वरच्यांपुढे ब्र न काढणारी माणसं आता बाईंशी हुज्जत घालू लागली. पद मिळालं आणि पत गेली, असं बाईंना दोन दिवस वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मनात आलं, की इतक्या वर्षांत लोकांनी आपल्याला फक्त साहेबांचा मूड विचारला. आपल्याशी भांडायला आजवर कोणी आलंच नव्हतं. त्यांनी टेबलासमोर आणखी एक खुर्ची मागवून घेतली. काही निर्णय पटले म्हणून बदलले, काहींवर अडून बसल्या.

पार्किंगचा बदलला नाही. हिशेबनीस अजून गाडी उन्हात लावतो आणि बाई दिसल्या की मान फिरवतो.