चैतातली लढाई

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीतून हवालदार होऊन घरी परतलेले. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे भिलाईला आले. कारखाना तेव्हा उभा राहत होता. यांची ड्यूटी भट्टीवर, आणि आमचं क्वार्टर नव्या सेक्टरात, जिथं सावलीपुरतंही झाड नव्हतं. एका बाजूला बंगाली शेजारी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. माणसं सोन्यासारखी, पण मामाजींनी बोलावं काय त्यांच्याशी? दिवसभर ओट्यावर बसून उडती धूळ पाहायचे. शेवटी म्हणाले, गावी परत जातो.

गावात होतं कोण त्यांचं? कुलूप लावलेलं घर. मला असा राग आला! आणि खरं सांगते, मला ते जायला नको होते. हे ड्यूटीवर गेले की माझ्याशी मराठीत दोन शब्द बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

क्वार्टरमागं बांधकामाची रेती पडलेली. ती पाहून एकदा मी सहज विचारलं, पलटणीत लढाई शिकवतात तरी कशी? झालं, म्हातारा उठलाच. रेतीच्या टेकड्या केल्या. निळ्या लुगड्याची चिंधी म्हणजे आपल्या गावची नदी, विटेचा तुकडा म्हणजे पूल, चिंचोके म्हणजे शिपाई, काडेपेट्या म्हणजे तोफा. एका चालीत शिपाई एक वीत चालणार, टक्कर झाली की कवड्या टाकायच्या. समोरून थोड्या लोकांनी शत्रूला गुंतवून ठेवायचं, मोठी फौज बगलेनं फिरवायची आणि त्याच्या रसदेचा रस्ता तोडायचा. मारत बसायचं नाही, बसल्या जागी निकामी करायचं. मी पोळ्या लाटायची आणि ते पाटाशेजारी बसून हे समजावायचे.

समजलं सगळं, पण जिंकता येईना. ते पुलावर ठाण मांडून बसायचे आणि माझे चिंचोके तिथं पटापट मरायचे. वर मिशीत हसायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! बंगाली वहिनीला यातलं काही कळत नसे, तरी कुंपणावरून ती माझ्यासाठी हळहळायची.

पण जाणं काही टळलं नाही. गोंदियाचं तिकीट आलं, ट्रंक भरून दाराशी ठेवली गेली. आदल्या दुपारी शेवटची लढाई मांडली. मांडताना मी विचारलं, महिना कोणता धरायचा?

"धर चैत," पुलामागं तोफा लावता लावता ते म्हणाले.

सुरुवातीला मी पुलावर मुकाट मार खाल्ला. मग सगळी राखीव फौज उचलली आणि चिंधीवरून सरळ पलीकडं नेली. बुडतील, बुडतील, म्हणाले. मी म्हटलं, मामाजी, तुमच्याच गावची सून आहे मी. चैतात आपल्या आटलेल्या नदीत डांगरा-टरबुजांच्या वाड्या लागतात, बुडायला पाणी आणू कुठून? त्याच नदीतली डांगरं खाऊन मोठा झालेला माणूस, नाही कसं म्हणणार? तोवर माझे चिंचोके त्यांच्या रसदेच्या रस्त्यावर बसले होते. मी तर पदर खोचून नाचलेच अंगणात, सासऱ्यासमोर.

ते उठून आत गेले. मग मात्र मलाच वाटलं, जाता जाता म्हाताऱ्याचं मन दुखवलं, काय मिळवलं मी? संध्याकाळी हे आले, सकाळच्या गाडीसाठी ट्रंक बाहेर काढायला वाकले, तर ट्रंक रिकामी. कपडे दांडीवर टांगलेले.

"हरून कोन घरी जाते?" मामाजी म्हणाले. "तिकीट वापस कर."

दुसऱ्या दिवशी महिना त्यांनीच ठरवला, श्रावण, आणि मला धू धू धुतलं. आता काय, जिंकले, आता जातील. पाहते तर ते पुन्हा रेती सारखी करत होते.

"पहिलेच्या साऱ्या कवायती होत्या, सूनबाई. खऱ्या लढाया दोन. एक तुही, एक माही. निकाल कुठं लागला?"

तो निकाल आम्ही दोघांनी मिळून शेवटपर्यंत लागू दिला नाही.