ड्रेसिंगवाले मामा

"बोट हलवून दाव," हे मामांचं पहिलं वाक्य. प्रेस मशीनमध्ये बोट चेंगरून आलेला कामगार कितीही विव्हळत असो, मामा आधी बोट हलवायला लावत. ते हललं की सुटकेचा श्वास मात्र मामाच टाकत.

पिंपरीच्या एका रुग्णालयात मी लॅबमध्ये होते आणि ते ड्रेसर. जखमा धुऊन पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम, पण रुबाब सर्जनचा. डॉक्टरांनी बांधलेली पट्टी सोडून मामांकडून नव्याने बांधून घेणारे महाभाग मी पाहिलेत. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

एका वर्षी वॉर्डातल्या जखमा चिघळू लागल्या. पेनिसिलिन टोचलं काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच. राजगुरुनगरच्या एका तरुण फिटरचं बोट बरं होत आलं होतं, त्याचा अख्खा पंजा काढावा लागला. मी खाटा, चिमटे, नळ, सगळं तपासलं. हाती काही लागेना. असे जंतू धडधाकट माणसाच्या नाकातही राहतात, म्हणून शेवटी वॉर्डात काम करणाऱ्यांची नाकं तपासायचं ठरलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मामा मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

फिटरच्या जखमेतला, कुठल्याच औषधाला दाद न देणारा जंतू मामांच्या नाकात निघाला. त्यांना स्वतःला साधी सर्दीसुद्धा नव्हती.

"ताई, त्या पोराचा पंजा माझ्यापायी गेला का?"

"नाही हो मामा. तो जंतू वेगळा होता."

मी खोटं बोलले. त्यांचा चेहरा बघून खरं बोलवेना. मामांनी मान हलवली आणि चादरींच्या कोठीत बदली मागून घेतली. पुढे नाकाला मलम लावल्यावर लागोपाठ तीन तपासण्या स्वच्छ आल्या. डॉक्टरांनी वॉर्डात परत बोलावलं, तर कोठीच बरी आहे म्हणाले.

ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या नातवाच्या बारशाला मी पुनावळ्याला गेले. मामा उंबऱ्याबाहेर बसले होते. पाळण्याच्या दोरीला दुसरी दोरी जोडून तिथूनच झोका देत होते. मी म्हटलं, मामा, जंतू कधीच गेला, बाळाला मांडीवर घ्या की.

"गेला असंल," ते म्हणाले. "पर त्या येळी तुमी खाली बघून न्हाई म्हनला होता. मला तवाच कळलं. आता तुमचं खरं कसं धरू?"



मामा वारले तेव्हा नातू शाळेत जायला लागला होता. त्यांनी त्याला एकदाही उचलून घेतलं नाही, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं.