वेळ अमावस्येची सुट्टी

तेल लावून उन्हात पसरलेल्या तुरीचा वास आला की गुलबर्ग्याच्या डाळ गिरणीत मी नवी व्यवस्थापक झाले ते वर्ष आठवतं. वेळ अमावस्येचा, म्हणजे शेतात जाऊन पूजा करून तिथंच जेवायच्या सणाचा, आदला दिवस होता. उद्या गाडी भरून गेली नाही तर तुमची खुर्ची दुसऱ्याला, असं मालकांनी बजावलेलं. डाळ निवडणाऱ्या बायकांतल्या वडीलधाऱ्या अक्का पदर खोचून समोर आल्या. “म्याडम, उद्या आमी शेताला जायलोत. कामाला येणार न्हाई.” तुरीच्या पिवळ्या धुळीत सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, “मग गाडी आजच भरू. उद्या सगळ्यांना सुट्टी.” “मालकाला इचारलं का?” “नाही.” अक्का हसल्या आणि कामाला लागल्या. मीही सुई-सुतळी घेऊन बसले, तर मागून कुणीतरी म्हणालं, “म्याडम पोतं शिवायल्यात का रुमाल?” दिवेलागणीला गाडी फाटकाबाहेर पडली. “उद्या आमच्या शेताला या,” अक्का म्हणाल्या. वडील नुकतेच गेले होते, आमच्या घरी यंदा सण नाही, असं मी सांगितलं. “सण नका करू. जेवायला तर याल?” दुसऱ्या दिवशी हिरव्या ज्वारीत, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी, त्या सगळ्यांच्या गलक्यात बसून मी वडिलांसाठी पहिल्यांदा रडले. अक्कांनी मला गप्प केलं नाही. माझ्या वाडग्यात आणखी थोडी अंबील ओतली. गेल्या आठवड्यात अक्का गेल्या, आणि मालकांना न विचारता मी त्या दिवशी गिरणी बंद ठेवली.